टेस्ट बटण चालतंय, तरी शॉक लागल्यावर आरसीसीबी पडेल का? वायरिंगमधल्या चुका शोधायची पद्धत

डीबीचं, म्हणजे मीटरकडून आलेली लाईन जिथून घरभर वाटली जाते त्या स्विचांच्या पेटीचं, पुढचं झाकण उघडा आणि बघा, कुठे टी लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का. नसेल तर तुमच्याकडे आरसीसीबी, म्हणजे करंट वाटेत कुठे गळायला लागला की स्वतःहून पडणारा (बंद होणारा) स्विच, नाहीच, जे आहे ते आयसोलेटर आहे, म्हणजे नुसता मोठा स्विच. दोन्ही दिसायला सारखेच, दोन पोलचे, तेवढ्याच जाडीचे, आणि आपल्याकडे कोकणात कितीतरी घरांत लोक त्या आयसोलेटरकडे बोट दाखवून "आमच्याकडे ईएलसीबी आहे हो" (आरसीसीबीला लोक अजून ह्याच जुन्या नावाने ओळखतात) म्हणून छातीठोक सांगतात. वायरमनने सांगितलं, आपण ऐकलं, विषय संपला.

बटण आहे? मग त्याच्यावर काय छापलंय ते वाचा. ४० ए, ६३ ए हा आकडा सोडून द्या, तो फक्त किती लोड झेपतो ते सांगतो. बघायचा आकडा ३० एमए (मिलीअँपिअर), नाहीतर ०.०३ ए असा लिहिलेला असतो. तिथे १०० किंवा ३०० एमए असेल तर ते उपकरण आगीपासून थोडंफार वाचवेल, माणसाला नाही. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटीच्या सेफ्टीच्या नियमांतही घरगुती कनेक्शनला ३० मिलीअँपिअरचीच मर्यादा दिलेली आहे.

आता मूळ मुद्दा. आरसीसीबी चांगल्या कंपनीचा आहे, ३० एमएचा आहे, बटण दाबलं की खट्‌कन पडतो, आणि तरीही शॉक लागला तर तो पडेलच असं नाही. कारण ते बटण फक्त डबीच्या आतलं मशीन तपासतं. आत एक छोटा रेझिस्टर असतो, बटण दाबलं की तो एका बाजूच्या फेजपासून दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडला जातो आणि खोटं लीकेज, म्हणजे करंट गळतोय असं नाटक, तयार होतं. त्यात तुमच्या घराची अर्थिंग कुठेच येत नाही, न्हाणीघरातला गीझर येत नाही, विहिरीवरचा पंप येत नाही. अर्थिंगची वायर तुटून पाच वर्षं झाली असतील तरी बटण मस्त चालेल.

हे काम कसं करतं ते आधी

जेटीवर बसून फेरीबोटीतून किती माणसं पलीकडे गेली आणि किती परत आली एवढंच मोजणारा माणूस समजा, तसा आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट मोजत असतो. दोन्ही सारखे असले की गप्प. फरक पडला म्हणजे मधेच कुठेतरी करंट जमिनीत जातोय, कदाचित माणसाच्या अंगातून. फरक ३० मिलीअँपिअरला पोचला की ०.३ सेकंदाच्या आत आणि १५० ला पोचला की ०.०४ सेकंदाच्या आत तो पडलाच पाहिजे, असं स्टँडर्ड आहे (प्रत्यक्षात बरेचसे विसेक मिलीअँपिअरलाच पडतात). म्हणजे त्याला दोनच गोष्टी लागतात. घरातल्या प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या पोटातून गेले पाहिजेत, आणि एकदा पुढे गेलेला न्यूट्रल घरात कुठेही अर्थला चिकटता कामा नये. पुढे ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक ह्या दोनपैकी एका जागी मोडतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आरसीसीबीला जमत नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर त्याच्या हिशोबाने तुम्ही म्हणजे एक बल्ब, जेवढं गेलं तेवढं आलं.

एमसीबी आहे की, मग?

हे वाक्य फार ऐकायला मिळतं म्हणून थोडं थांबून सांगतो. एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की पडणारा छोटा स्विच. आपल्याकडे खांबावरून दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग आपली आपण घराशेजारी खड्डा करून घ्यायची. आता समजा अर्थिंग चांगली आहे, १० ओहम. जांभ्याच्या कातळावर १० ओहम मिळणं म्हणजे नशीबच, पण धरू. गीझरच्या बॉडीला फेज लागला तर अर्थिंगमधून करंट जाणार २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. १६ अँपिअरचा सी कर्व्ह जातीचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्यातून ८० ते १६० अँपिअर जावे लागतात. २३ अँपिअर म्हणजे त्याच्या रेटिंगच्या जेमतेम १.४ पट, तेवढ्यावर तो तासभर सुद्धा न पडता झोपून राहू शकतो. तेवढा वेळ गीझरची बॉडी, नळ, ओली भिंत सगळं चालू.

आणि अर्थिंग ५० ओहमची असेल तर करंट साडेचार अँपिअरच, एमसीबीला पत्ताच लागणार नाही. आरसीसीबीला मात्र ५० काय, ५०० ओहमची अर्थिंग सुद्धा चालते, कारण २३० भागिले ५०० म्हणजे ४६० मिलीअँपिअर, आणि त्याला ३० पुरे. ज्या गावात सडा आहे, खोदलं की फुटावर कातळ लागतो, तिथे एमसीबीच्या भरवशावर राहूच नका. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा रेझिस्टन्स पावसाळ्याच्या कितीतरी पट होतो. अर्थिंग मोजून घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये घ्या, श्रावणात मोजलेला आकडा सगळ्यांचाच छान येतो.

पहिली तपासणी: आरसीसीबी पाडा आणि घरभर फिरा

हे तुम्ही स्वतः करू शकता, एकही स्क्रू काढायचा नाही. घरातला इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा, नाहीतर तो मधे पडून लाईट चालू करेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. कॉम्प्युटर वगैरे बंद करा. मग टेस्ट बटण दाबून आरसीसीबी पाडा आणि एक मोबाईल चार्जर किंवा टेबल लॅम्प हातात घेऊन प्रत्येक सॉकेटला लावून बघा. माजघर, स्वयंपाकघर, माडी, पडवीतला बोर्ड, अंगणातला लाईट, गोठा, न्हाणीघराबाहेरचा गीझरचा स्विच, आणि विहिरीवरचा पंप तर नक्कीच. एकही गोष्ट चालू राहिली तर ती आरसीसीबीच्या बाहेर आहे.

पंप बाहेर सापडणं हे तर ठरलेलंच. पावसात विहिरीपाशी वायरीच्या जॉइंटला पाणी लागतं, आरसीसीबी पडायला लागतो, ऐन गणपतीत टाकीत पाणी नाही म्हणून फोन जातो, वायरमन येतो आणि पंपाची लाईन उचलून थेट मेन स्विचवर टाकतो. पाणी आलं, सगळे खूष. म्हणजे घरातलं सगळ्यात ओलं, सगळ्यात लांब आणि अनवाणी जाऊन हात लावायचं जे ठिकाण, नेमकं तेच संरक्षणाच्या बाहेर. विचारलं की उत्तर तयार असतं, "काय होवचा नाय, मी सगळीकडे असाच जोडतंय."

आणि कधीकधी अख्खं घर चालू राहतं. आरसीसीबी खाली पडलेला आणि पंखा फिरतोय! अशा वेळी डीबीत आत बघितलं तर आरसीसीबीच्या वरच्या स्क्रूमधून निघून खालच्या स्क्रूत गेलेला वायरीचा तुकडा दिसतो, बहुतेक वेळा दोन्ही पोलला, पक्का कसलेला. हा जंपर. "सारखा पडत होता" म्हणून कोणीतरी तात्पुरता टाकलेला आणि मग झाकण लावून विसरलेला. फ्रीज बंद पडून मासळी वाया जाण्यापेक्षा हे बरं असं त्या वेळी वाटलेलं असतं, मला ते कळतं, पण तो सारखा पडत होता म्हणजेच तो काहीतरी सांगत होता ना.

दुसरी: न्यूट्रल आणि अर्थ एकत्र झालेत का

ही चूक सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लपलेली. हिचे दोन प्रकार.

पहिला प्रकार सॉकेटमधला. सोळा अँपिअरचं सॉकेट उघडलं की मागे तीन टर्मिनल. आपल्याकडे वर अर्थ, समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. जुन्या घरात बोर्डापर्यंत दोनच वायरी आलेल्या असतात, तिसरी कधी ओढलेलीच नसते. मग फ्रीजवाल्याने सांगितलं अर्थिंग पाहिजे, तर न्यूट्रलच्या टर्मिनलवरून बोटाएवढा वायरीचा तुकडा घेऊन वरच्या अर्थच्या टर्मिनलला टाकलेला असतो. मीटरने मोजलं की फेज आणि अर्थमध्ये २३० बरोबर दाखवतो, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला तरी तो हिरवं दाखवतो, कारण त्या बिचाऱ्याला न्यूट्रल आणि अर्थमधला फरक कळायचं साधनच नाही. आता बोर्डाच्या मागे तो न्यूट्रल सैल होऊन सुटला की काय होतं बघा. फ्रीजच्या मोटरमधून आलेला फेज न्यूट्रलच्या टोकाला येऊन थांबतो, तिथून तुकड्यावाटे अर्थच्या पिनला आणि तिथून फ्रीजच्या दारावर. फ्रीजमध्ये काहीही बिघडलेलं नाही आणि अख्खी बॉडी २३० व्होल्टवर. आरसीसीबी असेल तर कोणीतरी हात लावल्यावर, त्या माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर तो पडेल. नसेल, किंवा ती लाईन बायपास असेल, तर कोणी थांबवायला नाही.

शिवाय तो तुकडा आरसीसीबीला आंधळा करतो. बॉडीला लीकेज झालं तर तो करंट जमिनीत जायच्या ऐवजी त्याच तुकड्यातून न्यूट्रलला जाऊन आरसीसीबीतून परत येतो. गेलं तेवढं आलं, मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही.

दुसरा प्रकार अपघाती. डीबीत न्यूट्रलची लिंक (सगळे न्यूट्रल एकत्र कसायची पट्टी) आणि अर्थची पट्टी शेजारीशेजारी असतात, वायरी चुकून इकडच्या तिकडे कसल्या जातात. नाहीतर कौलातून ठिबकून पाइपात पाणी साचतं आणि न्यूट्रलचं इन्सुलेशन कुजून तो मेटलच्या बॉक्सला लागतो. ह्याची एक खूण लक्षात ठेवा, ही माहीत असली की निम्मा वेळ वाचतो. सगळे एमसीबी खाली पाडलेत, म्हणजे घरात फेज कुठेच जात नाहीये, तरी आरसीसीबी वर टिकत नाही, किंवा संध्याकाळी सात-आठला, सगळ्या वाडीत लाईट लागले की पडतो. वायरमन म्हणतो आरसीसीबी खराब आहे, बदला. नवीन आणतात, तोही पडतो, मग जंपर येतो. खरं कारण असं की साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल सगळीकडे जोडलेलाच राहतो. संध्याकाळी लोड वाढला की लाईनच्या न्यूट्रलवर जमिनीच्या मानाने दोन-चार व्होल्ट येतात. तीन व्होल्ट आणि तुमची अर्थिंग २० ओहम असेल तर १५० मिलीअँपिअर त्या चिकटलेल्या जागेतून जमिनीत जाणार, आरसीसीबी पडणारच. आणि गंमत बघा, अर्थिंग खराब असेल, ३०० ओहमची, तर तेच तीन व्होल्ट फक्त १० मिलीअँपिअर ढकलतात, आरसीसीबी पडत नाही, आणि चूक तशीच वर्षानुवर्षं आत बसून राहते.

शोधायचं कसं: हे वायरमनकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. मेन बंद, खरंच बंद आहे का ते तपासलेलं, इन्व्हर्टर बंद आणि त्याचं आउटपुट सोडवलेलं, सगळे प्लग सॉकेटमधून काढलेले. मग आरसीसीबीतून पुढे गेलेल्या न्यूट्रल लिंकवरच्या सगळ्या वायरी सोडून एकेक वायर आणि अर्थची पट्टी ह्यांच्यात मीटर लावायचा. जी वायर बीप करेल त्या सर्किटमध्ये चूक. साध्या मीटरला ओल सापडत नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) पाहिजे आणि एक मेगाओहमच्या खाली आला तर ती लाईन दुरुस्त करायची. मेगर लावताना एलईडी बल्ब, रेग्युलेटर काही जोडलेलं नको, जळतात. हे सगळं ज्याला माहीत आहे आणि ज्याच्याकडे मेगर आहे असा वायरमन शोधा, सरकारी परवाना असलेला. तो दोनशे-पाचशे जास्त मागेल, देऊन टाका.

तिसरी: सॉकेटला खरोखर अर्थ पोचलाय का

लीकेजचं बटण असलेला सॉकेट टेस्टर मिळतो, प्लगसारखा लावायचा, बटण दाबलं की तो फेजमधून अर्थला ठरावीक लीकेज करतो. हा प्रत्येक सॉकेटला लावून बघायचा. बटण दाबताच आरसीसीबी पडला तर ती लाईन ठीक. पडला नाही तर तीन शक्यता: अर्थ पोचलेलाच नाही, किंवा सॉकेटमध्ये तो वर सांगितलेला तुकडा आहे, किंवा लाईन आरसीसीबीच्या बाहेर आहे. टेस्टरचे दिवे सगळं ठीक म्हणतायत आणि बटणाला मात्र काही होत नाही, अशी जोडी दिसली, आणि ती लाईन पहिल्या तपासणीत बंद होत होती, तर तो तुकडाच समजा.

जुने वायरमन हेच काम होल्डरला दोन वायरी लावून बल्बने करतात. फेज आणि अर्थमध्ये बल्ब. भक्कन लागून आरसीसीबी पडला तर उत्तम, लागून राहिला तर तुकडा किंवा बायपास, लागलाच नाही तर अर्थ नाही. पण ह्यात दोन मेख आहेत. बल्ब पिवळा, तारेचाच पाहिजे. १५ वॅटचा बल्ब ६५ मिलीअँपिअर घेतो, एलईडी एवढा कमी घेतो की तो पेटलेला राहील, आरसीसीबी पडणार नाही आणि तुम्ही उगाच घाबराल. दुसरी मेख जास्त गंभीर: अर्थची वायर पुढे कुठे तुटलेली असेल तर बल्बमधून आलेला फेज त्या वायरीवर जोडलेल्या सगळ्या बॉडींवर जाऊन बसतो. त्या वेळी घरातल्या कोणी वॉशिंग मशीनला हात लावला तर? म्हणून हा प्रयोग घरच्या घरी करू नका. वायरमन करत असेल तर सगळ्यांना बाजूला उभं करा.

अर्थ कुठे तुटतो? समुद्राकाठच्या घरांत बहुतेक वेळा भिंतीबाहेर, जिथे जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी किंवा तार जमिनीत शिरते तिथे. वरून रंग दिलेला, आतून गंजून भुगा झालेला. खाऱ्या हवेत तांब्याची वायर आणि जीआयचा नट जिथे एकत्र येतात तिथे हिरवट पांढरी पूड दिसली की समजायचं. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायची पद्धत आहे, त्याने रेझिस्टन्स कमी होतो हे खरं, पण तेच मीठ पाइप पण खातं. आता तांब्याचा लेप असलेले रॉड आणि भोवती भरायची बेंटोनाइटसारखी पावडर मिळते, किनाऱ्यावर मी तरी तेच घ्यायला सांगेन. जागा निवडताना न्हाणीघराचं पाणी जिथे केळीला जातं तिथे आसपास घ्या, मे महिन्यात पण तिथली माती ओली असते.

अजून एक जागा, जी कोणाच्या डोक्यात येत नाही. जुन्या घरांत अर्थची वायर लोखंडी पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली असायची. मग प्लंबर आला, गंजका पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. घराची अर्थिंग त्या दिवशी गेली आणि कोणाला कळलंही नाही.

अर्थ तुटलेला असला तरी आरसीसीबी पूर्ण बिनकामाचा होत नाही, पण मग त्याला लीकेज कळायला माणूसच लागतो. अर्थ असेल तर गीझरमध्ये बिघाड झाल्या क्षणी तो पडतो, कोणी अंघोळीला जायच्या आधी. फ्रीजला हात लावला की चिमटी बसते म्हणून ज्या घरात स्वयंपाकघरात चप्पल घालून वावरतात, त्या घरात ही तपासणी आजच करा.

चौथी: इन्व्हर्टर

मिरगाच्या पावसापासून लाईट जायला लागतात, त्यामुळे आपल्याकडे इन्व्हर्टर घरोघर. आणि आरसीसीबी असलेल्या घरात तो नंतर बसवला की हमखास गोंधळ होतो. इन्व्हर्टरवाला फेज वेगळा काढतो, पण न्यूट्रल मात्र जिथे मिळेल तिथून उचलतो. पडवीतला लाईट इन्व्हर्टरवर, त्याचा न्यूट्रल शेजारच्या पॉवर सॉकेटमधला. मग फेज एका वाटेने जातो, न्यूट्रल दुसऱ्या वाटेने येतो, आरसीसीबीला फरक दिसतो आणि तो पडतो. त्यावरचा उपाय म्हणून इन्व्हर्टरचं सगळं सर्किट आरसीसीबीच्या आधी नेऊन जोडतात. म्हणजे घरातले सगळे लाईट-पंखे आणि टीव्ही संरक्षणाबाहेर.

बरोबर पद्धत अशी: इन्व्हर्टरच्या लाईनींचे न्यूट्रल वेगळे करायचे, त्यांची वेगळी लिंक, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतःचा ३० एमएचा छोटा आरसीसीबी किंवा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत). मेनवरचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी, मीटरच्या बाजूला असतो, त्यामुळे लाईट गेल्यावर बॅटरीवरून जो करंट घरात फिरतो तो त्याच्यातून जातच नाही. तोच नियम दोन आरसीसीबी असलेल्या घरांना: एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या लाईनीत वापरला की दोन्ही विनाकारण पडत राहतात.

जनरेटर असेल, होमस्टेवाल्यांकडे असतोच, तर चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर ह्यांच्यात अदलाबदल करायचा स्विच) फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा पाहिजे, एवढंच सांगतो.

पाचवी: वादळानंतरची

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब झोपले होते, पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते. एवढं मोठं काही नसलं तरी दर पावसाळ्यात एखादी फांदी लाईनवर पडतेच. त्यानंतर घरात दोन गोष्टी बघायच्या.

एक, फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेलेत का. घाईत खांबावर किंवा मीटरजवळ वायरी बदलतात. लाईट लागतो, पंखा फिरतो, सगळं नॉर्मल. पण आता तुमचे एमसीबी आणि बटणं न्यूट्रल तोडतायत, बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज उभाच. बटण चालू करून सॉकेटच्या उजव्या भोकात स्क्रूड्रायव्हरसारखा साधा टेस्टर पेटला पाहिजे, डाव्यात नाही. डाव्यात पेटला तर महावितरणला फोन. आणि सॉकेटमध्ये तो न्यूट्रल-अर्थचा तुकडा असेल तर उलटी जोडणी म्हणजे फ्रीजच्या बॉडीला सरळ फेज.

दोन, न्यूट्रल तुटणं. खांबावर नुसता न्यूट्रल तुटला की घर अंधारात, आपल्याला वाटतं लाईट गेली, पण फेज घरात आलेलाच असतो. इथे आरसीसीबी कुठल्या प्रकारचा आहे ते महत्त्वाचं. इलेक्ट्रोमेकॅनिकल प्रकारचा लीकेजच्याच ताकदीवर पडतो, त्याला न्यूट्रल लागत नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात आत सर्किट असतं, त्याला चालायला फेज-न्यूट्रल दोन्ही हवेत, न्यूट्रल गेला की तो मेलेला. स्वस्तातले बरेच आणि आरसीबीओमधले काही ह्या जातीचे असतात. दुकानात व्होल्टेज-इंडिपेंडंट, म्हणजे ह्यातला पहिला प्रकार, मागा, दुकानदाराला माहीत नसेल तर कॅटलॉग बघा. एकूणच लाईट गेल्यावर "आत्ता काय करंट नाही" म्हणून वायरीला हात लावायची सवय सोडलेली बरी.

जुन्या मेन बोर्डावर न्यूट्रलला पण किटकॅट (चिनी मातीचा, ओढून काढायचा) फ्यूज बसवलेला असतो, तो उडाला की घरातल्या घरात हाच प्रकार. तिथे फ्यूजऐवजी न्यूट्रल सरळ जोडणारी लिंक टाकून घ्या. आणि फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूज वायरीच्या जागी तांब्याच्या चार तारा पिळून घातल्या असतील तर त्याला फ्यूज म्हणू नका.

उरलेलं, थोडक्यात

सिंगल फेज घरात चार पोलचा आरसीसीबी स्वस्तात मिळाला म्हणून बसवला असेल तर वायरी कंपनीच्या आकृतीप्रमाणे ठरलेल्या पोललाच लावाव्या लागतात, नाहीतर टेस्ट बटण चालत नाही.

आरसीसीबीवर नुसती एक लाट काढलेली असेल तर तो एसी टाइप. लाटेखाली अर्ध्या लाटांची खूण असेल तर ए टाइप. इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन, इंडक्शन असल्या गोष्टींचं लीकेज साधं एसी नसतं, एसी टाइपला ते नीट कळत नाही. नवीन घेताना ए टाइपच घ्या. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर असेल तर त्याच्या लाईनीला काय लागतं ते त्याच्या पुस्तकात बघून वेगळाच आरसीसीबी लावा.

पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून ३० काढून १०० बसवणं हा उपाय नाही. लांबलांबच्या लाईनी, बागेतले लाईट, पंप, प्रत्येकाचं थोडं थोडं लीकेज मिळून वीस-पंचवीसवर जातं. लाईनी वाटून द्या, पंपाला आणि बाहेरच्या लाईटना स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे बाहेर पाणी शिरलं तरी घरातला फ्रीज चालू राहील आणि जंपर टाकायची कोणाला बुद्धी होणार नाही.

खूप जुन्या घरांत कधीकधी खराखुरा जुना ईएलसीबी सापडतो, त्याला अर्थची वायर जोडलेली असते आणि तो अर्थच्या वायरीवर व्होल्टेज चढलं तरच पडतो. माणसाने उघडी वायर धरली तर त्याला कळतच नाही. तो काढून टाका.

आणि बटण महिन्यातून एकदा दाबा. घर वर्षभर बंद असेल तर मे महिन्यात आणि गणपतीला घर उघडल्यावर, मखराच्या लाईटच्या माळा लावायच्या आधी दाबा. खाऱ्या दमट हवेत आतली यंत्रणा आखडते, कुंभारीण माशी डीबीत मातीचं घर करते, पालीची अंडी सापडतात. बटण दाबून आरसीसीबी पडला नाही, आणि घरात लाईट तर आहे, म्हणजे तो गेला. त्यात खोबरेल नाहीतर स्प्रे मारून मोकळा करायच्या भानगडीत पडू नका. पुराचं पाणी शिरलेल्या डीबीचंही तेच. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारखा गाळ आत गेला असेल तर उन्हात वाळवून आरसीसीबी-एमसीबी परत चालू होतात, लाईट येते, पण आतला गाळ राहतो आणि वेळेला ते पडतील की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. सगळे बदला, बॉक्ससकट.